तहकीक आधी, तक्रार नंतर



या सदरात आपण घरातल्या रोजच्या अडचणींविषयी बोलतो. या वेळची अडचण आमच्याच घरातली आहे आणि तिच्यात आमच्या हातून झालेली एक चूकही आहे. अडचण बहुतेक घरांत असते, म्हणून तिचा उपाय सांगतो. चूकही बहुतेक घरांत होते, म्हणून तीही लपवत नाही.

आमचे घर पिंगुळीत. कुडाळ लागूनच, महामार्ग जवळ, त्यामुळे फायबरचे इंटरनेट दारापर्यंत आले. चिरंजीव कुवेतला नोकरीला. सून लहान नातीसह आमच्याजवळ राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरूनच करते. सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी सातला मिटायचा, मध्ये जोहर आणि असरची तेवढी सुट्टी. तिच्या या नोकरीमुळे नातीला घर मिळाले, आम्हा म्हाताऱ्यांना सोबत मिळाली, आणि तिचे शिक्षणही वाया गेले नाही.

जून महिन्यात पाऊस लागला आणि लॅपटॉपचे वायफाय तुटू लागले. साहेबांशी बोलताना चेहरा गोठून जायचा. कधी कोपऱ्यातली खूणच नाहीशी व्हायची, तर कधी खूण असायची पण पान उघडायचे नाही. दोन मिनिटांनी आपोआप सुरू, अर्ध्या तासाने पुन्हा बंद. जुलैच्या सुरुवातीला तिच्या साहेबांनी सांगितले, दोन आठवड्यांत व्यवस्था करा, नाहीतर पुण्याला येऊन काम करा. रागावून नव्हे, सरळपणेच सांगितले; पण आमच्या घरात त्या रात्री कोणाला जेवण गेले नाही. सून पुण्याला म्हणजे नातही पुण्याला. खोलीचे भाडे, मुलीला सांभाळायला बाई, हे सगळे धरले तर नोकरी सोडणेच परवडणारे.

मग दोष कोणाचा, याची चर्चा सुरू झाली. आमच्या बेगमचे म्हणणे, पावसाने लाईन खराब झाली. कुवेतहून चिरंजीवांचे म्हणणे, कंपनी बदला. आणि आमचा संशय गेला शेजारच्या मुलावर.

तो मुलगा यंदा बारावीला आहे. त्याच्या घरी मोबाईलचा रोजचा ठरावीक डेटा संध्याकाळपर्यंत संपतो. म्हणून जूनपासून तो कॉलेजातून आला की आमच्या ओटीवर बसून वायफायवर धड्यांचे व्हिडिओ पाहायचा. पासवर्ड आम्हीच दिला होता. २०२० सालच्या टाळेबंदीत आमच्याच जिल्ह्यात मुलांनी नेटवर्कसाठी भर पावसात डोंगरावर जाऊन अभ्यास केला होता, हे आम्ही विसरलो नव्हतो. पण जूनमध्ये तो येऊ लागला आणि जूनमध्येच नेट तुटू लागले, एवढी एकच गोष्ट मनात धरली आणि एका संध्याकाळी कोणाला न विचारता आम्ही पासवर्ड बदलून टाकला. मुलगा दुसऱ्या दिवशी आला, थोडा वेळ मोबाईलशी खटपट केली आणि उठून गेला. त्यानंतर आला नाही.

वहीने दिलेली साक्ष

सून हिशेबाची माणूस. तिने तोंडी वाद घातला नाही. एक वही घेतली आणि वायफाय तुटले की तारीख, वेळ, लॅपटॉप कुठे होता, चार्जर लावलेला होता की नाही, आणि त्याच क्षणी मोबाईलवर नेट चालू होते का, एवढे लिहू लागली. पाच दिवसांनी वही आमच्यापुढे ठेवली.

"अब्बा, पासवर्ड बदलल्यावरही तेवढेच वेळा तुटलेय. आणि सर्वात जास्त सकाळी अकरा ते एक. तेव्हा तो कॉलेजात असतो."

आम्ही गप्प झालो. तिने पुढचा हिशेबही मांडला. आमचे कनेक्शन ४० एमबीपीएसचे. व्हिडिओवर बोलायला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात, आणि मोबाईलवर धडा पाहायलाही फार तर तितकेच. म्हणजे दोघांनी एकाच वेळी वापरले तरी निम्म्याहून अधिक शिल्लकच राहते. ज्या मुलाला आम्ही मनातल्या मनात गुन्हेगार ठरवले, त्याच्याविरुद्ध पुरावा तर नव्हताच, उलट वही त्याच्या बाजूने बोलत होती.

सूरह हुजुरातमध्ये दोन गोष्टींची ताकीद आहे. सहाव्या आयतीत आलेल्या खबरीची छाननी करण्याची आणि बाराव्या आयतीत संशयापासून दूर राहण्याची. कितीदा वाचली असेल! पण घरातले यंत्र बिघडले तेव्हा आम्ही छाननी सोडली आणि संशय धरला.

आधी टप्पा ओळखा

आता उपायाकडे येऊ. पिंगुळी म्हटले की लोकांना ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आठवतात. इथल्या परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीला दोरा असतो, तो तुटला तर दिसतो. वायफायचा दोरा दिसत नाही, म्हणून तो कुठे तुटला हे टप्प्याटप्प्याने शोधावे लागते. टप्पे तीनच आहेत. पहिला, कंपनीकडून राउटरपर्यंत येणारी फायबरची तार. दुसरा, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवा. तिसरा, खुद्द लॅपटॉप. वायफाय हे नाव फक्त दुसऱ्या टप्प्याचे आहे. आपण मात्र सगळ्यालाच वायफाय म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिला टप्पा तपासायला कारागीर लागत नाही. फायबरच्या पेटीवर दिवे असतात. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असावा. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर तार कुठेतरी तुटली, वाकली किंवा निघाली आहे. मग घरात काहीही करू नका, कंपनीला फोन करा. आमच्या पेटीवर लाल दिवा एकदाही लागला नव्हता. शिवाय लॅपटॉप बंद पडायचा तेव्हा ओटीवरचा मोबाईल चालू असायचा, हे वहीत लिहिलेलेच होते. म्हणजे कंपनी निर्दोष. चिरंजीवांच्या सांगण्यावरून कंपनी बदलली असती तर पैसे गेले असते आणि दुखणे तसेच राहिले असते.

दुसरा आणि तिसरा टप्पा वेगळे करायला सुनेने कुडाळहून लॅनची केबल आणली. ती राउटरपासून थेट लॅपटॉपला जोडली आणि ओटीवर बसून दिवसभर काम केले. एकदाही तुटले नाही. म्हणजे तारेवर लॅपटॉप ठीक, इंटरनेट ठीक. दोष राहिला तो हवेतल्या दोऱ्यात आणि तो धरणाऱ्या लॅपटॉपमधल्या वायफायच्या भागात.

आता एक नियम सांगतो, तो लिहून ठेवा: एका वेळी एकच बदल करायचा आणि निदान एक दिवस पाहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बरे झाले तरी कशाने झाले ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडले की पुन्हा अंधार.

चिऱ्याची भिंत

केबल लावायला लॅपटॉप ओटीवर आणला तेव्हा आमच्या बेगमच्या तोंडून सहज एक वाक्य निघाले. "उन्हाळ्यात इथेच तर बसायची ती. पावसाची झड येऊ लागली म्हणून मागच्या खोलीत गेली."

सगळी गोष्ट त्यात होती. पाऊस आला आणि नेट बिघडले असे आम्ही म्हणत होतो. खरे म्हणजे पाऊस आला आणि टेबल हलले. उन्हाळाभर सून राउटरपासून चार हातांवर बसत होती. जूनपासून मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती आल्या, आणि त्यांतल्या एकीला टेकून माजघरातले लोखंडी कपाट.

वायफाय या रेडिओच्या लहरी आहेत, म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या. प्रकाशाप्रमाणे त्यांचीही सावली पडते. लाकडी दारातून, पातळ पडदीतून त्या बऱ्यापैकी जातात. जाड चिऱ्यातून त्या दुबळ्या होतात. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत लहरी अधिक शोषते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा भिंती कोरड्या कशा राहणार? लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्यावरून लहरी परततात. म्हणून राउटर कपाटामागे, टीव्हीच्या पाठीमागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, मोकळा ठेवावा. तार जिथून घरात येते तिथेच राउटर टांगून जातात, कारण ते काम सोपे असते. जास्तीची तार मागून तो आत घ्यायला सांगणे हा आपला हक्क आहे.

आमचा राउटर माजघरात आला, कपाट दुसऱ्या भिंतीला गेले. त्या दिवसापासून तुटणे निम्म्यावर आले.

दोन पट्टे, एक नाव

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला हळू, पण लांब जाणारा आणि भिंत सोसणारा. दुसरा वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानणारा. दोघांना एकच नाव दिलेले असते. लॅपटॉप वेगाच्या लोभाने ५ वर जातो, तिथे सिग्नल कमी पडला की २.४ वर येतो, पुन्हा ५ कडे जातो. प्रत्येक फेरीत क्षणभर संबंध तुटतो, आणि पलीकडच्या माणसाला आपला चेहरा गोठलेला दिसतो.

उपाय सोपा आहे. राउटरच्या पाठीवर त्याचा पत्ता आणि लॉगिन लिहिलेले असते. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरची सेटिंग्ज उघडा आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्या. राउटर ज्या खोलीत आहे तिथे ५ वापरा, भिंतीआड २.४ वापरा. मग लॅपटॉपमध्ये जुने नाव 'फर्गेट' करा, म्हणजे तो पुन्हा तिकडे धावणार नाही. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारीपाजारी बरेच राउटर असतील तर या तिघांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या आसपास चालतो, तेव्हा तो राउटरशेजारी नको.

हे केल्यावर दिवसाला एखाद-दुसऱ्या वेळेवर आले. पण पूर्ण थांबले नाही.

बॅटरी वाचवण्याची शहाणपणा

उरलेले उत्तरही वहीतच होते. उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द होता: चार्जर नाही. मागच्या खोलीत बोर्डाला एकच सॉकेट, त्यावर टेबलफॅन. त्यामुळे अर्धा दिवस लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी वायफायच्या भागाला मध्येच झोपवतो, आणि तो वेळेवर जागा होत नाही.

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली वायफायचे नाव असते. त्यावर दोनदा क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये जा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी आहे, अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून पाहा. सुनेने खूण काढली. त्या दिवसापासून वहीचे पान कोरे आहे, अल्हम्दुलिल्लाह. फॅनसाठी दुसरे सॉकेटही बसवून घेतले.

ज्यांचे एवढ्याने भागणार नाही, त्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच नवा घ्यावा. ड्रायव्हर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. त्यानेही नाही झाले तर 'नेटवर्क रीसेट'. पण त्यात साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात, म्हणून आधी ते लिहून ठेवा. लॅपटॉप जुना असेल आणि त्यातला वायफायचा भागच थकला असेल, तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल मिळतो, लॅपटॉप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. घर लांबलचक असेल तर रिपीटर घेण्यापूर्वी विचार करा. साधा रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग बहुधा निम्मा होतो. त्यापेक्षा लॅनची केबल मागच्या खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा राउटर लावणे टिकाऊ. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आणि कोकणासाठी दोन गोष्टी. वीज गेली की राउटर जातो, मग लॅपटॉपची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. दुसरे, विजा कडाडू लागल्या की राउटरचा प्लग काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या तारेतून येते.

इब्नुल हैसम यांची आठवण

इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेले इब्नुल हैसम यांचे नाव आपण मुलांना अभिमानाने सांगतो. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमीसारखे मोठे विद्वान मानत. इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' मध्ये दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. मोठ्यांचे म्हणणे म्हणून त्यांनी ते मान्य केले नाही. अंधाऱ्या खोलीत, लहानशा छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग करून तपासले. नुसता अभिमान बाळगण्यापेक्षा ती सवय घरात आणावी. आमच्या घरात सर्वात मोठा आवाज आमचा होता आणि सर्वात खरे बोलली ती वही.

शेजाऱ्याचा हक्क

वायफाय दुरुस्त झाले, सुनेची नोकरी राहिली. साहेबांनीही पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. पण एक दुरुस्ती उरली होती.

त्या शुक्रवारी मगरिबनंतर आम्ही शेजारी गेलो. बारावीच्या मुलाचे तीन आठवडे ही लहान गोष्ट नाही. वाटेत शब्द जुळवत होतो. मुलगा दारातच भेटला. आम्ही म्हटले, "बाळ, तू येत नाहीस. आमचे चुकले. पासवर्ड आम्ही बदलला होता."

तो हसला आणि म्हणाला, "काकानू, माका वाटला तुमचा नेटच बंद पडला. वहिनी रोज म्हणी होती ना. म्हणान इलंय नाय."

त्याला खरेच तसे वाटले होते की आमची लाज राखायला तो तसे बोलला, अल्लाह जाणे. कसेही असो, आम्ही त्याच्याविषयी वाईट धरून बसलो होतो आणि त्याने आमच्याविषयी चांगले धरले होते. पुरावा दोघांपाशीही नव्हता.

आता राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' सुरू केले आहे. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा, आणि त्यावरून घरातल्या लॅपटॉपपर्यंत कोणी पोहोचत नाही. सुनेच्या कंपनीचे कागद ही अमानत आहे, तीही जपली जाते आणि पाहुण्याचा हक्कही. ज्या घरी मुले-पाहुणे येतात त्यांनी हे अवश्य करावे. राउटरच्या लॉगिनचा मूळ पासवर्डही बदलून घ्यावा, कारण कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

मुलगा पुन्हा ओटीवर बसतो. झड आली की माजघरात येतो. वही अजून राउटरशेजारीच ठेवली आहे. घरात पुढचे काही बिघडले, मग ते यंत्र असो की माणसांतले काही, तर आधी तीत लिहायचे आणि मग बोलायचे, असे ठरले आहे. अल्लाह आपणा सर्वांना तहकीक करण्याची तौफिक देवो. आमीन.